परेड स्टेट आणि ताळेबंद

गेल्या माजी छात्र मेळाव्यात बारावीचा एक कॅडेट आणि त्याचे वडील माझ्याशी बोलत उभे होते. मी बी.कॉम. केले आहे असे कळल्यावर वडील जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे एनडीए नाही झालं म्हणून?" मुलाने मान खाली घातली. प्रश्न रोखठोक होता आणि उत्तरही तसेच द्यायला हवे होते. हो, एनडीए नाही झाले म्हणूनच. पण त्यानंतर तीन वर्षे जे शिकलो ते मेळाव्याच्या गर्दीत पाच मिनिटांत सांगता येईना. मराठी पानासाठी सरांनी लेख मागितला तेव्हा ठरवले की त्या मुलासाठीच लिहावे.

माझी लेखी परीक्षा झाली, मुलाखतीही पार पडल्या, आणि मेडिकलमध्ये रंगीत ठिपक्यांच्या पाट्यांवर मी अडकलो. ज्या पाटीवर इतरांना आकडा दिसतो तिथे मला नुसते ठिपके दिसतात. अपील केले, उत्तर तेच आले. यात कोणाची चूक नव्हती. डोळे तसे आहेत. २०१५ चा जून होता. घरी बसून राहू नये म्हणून आईने मला मावशीकडे धाडले. दोन महिन्यांसाठी गेलो आणि तीन वर्षे राहिलो.

मावशीचे यजमान तंजावरकडचे मराठी. पुण्यात नोकरी करून निवृत्त झाल्यावर ते गावी, तिरुविसनल्लूरला परतले आणि त्यांनी खत-बियाण्यांचे दुकान टाकले. कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर, कावेरीच्या उत्तर काठाला हे गाव आहे. आपल्या मुलांना त्याचे नाव ठाऊक नसते, पण ठाऊक असायला हवे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य उभे केले. त्यांचे पुत्र शाहजीराजे यांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्याचे नाव शाहजीराजपुरम्. रामभद्र दीक्षित इथले, श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ इथले. गावच्या शिवमंदिराच्या भिंतीवर दगडी सूर्यघड्याळ आहे. पहिल्या पावसाळ्यात बसची वाट पाहताना मी त्यावर वेळ बघायचो. ढग आला की घड्याळ बंद.

काकांनी आठ दिवस मला काही विचारले नाही. नवव्या दिवशी दुकानाची वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "बेरीज कर." बेरीज जुळली. "आता सांग, दुकान चालतंय का?" ते मला सांगता येईना. त्याच आठवड्यात कुंभकोणममधल्या एका कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातले. मी बारावी विज्ञानाचा, पण बी.कॉम.ला विज्ञानाचा विद्यार्थी चालतो. अकरावी-बारावीत पुस्तपालन व लेखाकर्म केलेल्या मुलांच्या मागे पहिले सत्र धापा टाकत धावावे लागते, एवढेच.

मित्रांनो, बी.कॉम. म्हणजे नुसते जमाखर्च लिहिणे, हा आपल्या मेसमधला समज आधी बाजूला ठेवा. तमिळनाडूत पदवीचा अभ्यास भागांत वाटलेला असतो. पहिला भाग तमिळ किंवा दुसरी एखादी भाषा (मी हिंदी घेतली), दुसरा इंग्रजी, तिसरा मुख्य विषय. एनएसएस, एनसीसीसारख्या कामांनाही त्यात जागा असते. मुख्य विषयांत वित्तीय लेखाकर्म, परिव्यय म्हणजे कॉस्टिंग, कंपनी लेखे, लेखापरीक्षण, प्राप्तिकर, व्यापारी कायदा, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र येते. महाराष्ट्रातही विषय साधारण हेच, क्रम वेगळा. त्यातला पाया एकच, दुनोंदी पद्धत. ती एकदा डोक्यात बसली की बाकीचे विषय हे तिचेच वाढवलेले मजले वाटतात. नाही बसली, तर तीन वर्षे पाठांतर.

मला ती सहा आठवडे बसेना. नियम पाठ होते. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा. येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. पण का, ते कळत नव्हते. ते कळले आपल्या शाळेच्या संध्याकाळच्या फॉल-इनमधून.

आठवा, ड्यूटी कॅडेट परेड स्टेट कसा देतो. समजा वर्गात साठ कॅडेट आहेत. एका हाऊसचे अठ्ठावीस, दुसऱ्याचे बत्तीस. मैदानावर एक्कावन्न, एमआय रूममध्ये तीन, रजेवर चार, मेस ड्यूटीवर दोन. बेरीज पुन्हा साठ. म्हणजे प्रत्येक कॅडेट आपण दोनदा मोजला. एकदा तो कुठून आला म्हणून आणि एकदा तो आत्ता कुठे आहे म्हणून. माणूस तोच, प्रश्न दोन. दुकानातल्या रुपयाचेही तसेच. तो कुठून आला? मालकाचे भांडवल, बँकेचे कर्ज, वितरकाची उधारी. तो आत्ता कुठे आहे? गोदामातल्या पोत्यांत, गिऱ्हाइकांकडे, गल्ल्यात, वजनकाट्यात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे देयता आणि भांडवल, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे मालमत्ता. दोन्ही बेरजा सारख्या येणारच, कारण रुपये तेच आहेत. हाच ताळेबंद. एखादा मुलगा मैदानावरून एमआय रूममध्ये गेला तर एका रकान्यात एक कमी, दुसऱ्यात एक जास्त, एकूण साठच. नवा मुलगा दाखल झाला तर दोन्ही बाजू एकने वाढतात. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी हात लावतो.

हे समजल्यावर मी त्या रात्री मावशीलासुद्धा साठ कॅडेटांचा हिशेब समजावला. तिने ऐकून घेतले आणि ताट वाढले.

एक इशारा मात्र देतो. बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नव्हे. एका मुलाने दुसऱ्याची हजेरी लावली तरी आकडा साठच येतो. (ज्यांनी लावली आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) वह्यांतही अगदी तसेच होते. एका शेतकऱ्याची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर पडली, किंवा एक विक्री लिहायचीच राहिली, तरी तेरीजपत्रक साळसूदपणे जुळते. म्हणून तिसऱ्या वर्षी लेखापरीक्षण शिकवतात. तिथे बेरीज तपासत नाहीत. पावती मागतात, पोती मोजतात, गिऱ्हाइकाला विचारतात.

ही जुळवाजुळव इटलीतून आली असे पुस्तकात असते. लुका पाचोली या साधूने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुनोंदी पद्धत मांडली, हे खरेच आहे. पण वह्यांची शिस्त आपल्याकडेही होती आणि ती लष्करी होती. शिवकाळातला किल्ला घ्या. हवालदार, सबनीस आणि कारखानीस. हवालदाराकडे हुकमत आणि किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि सामान. ज्याच्या हातात कोठार त्याच्या हातात वही नाही, आणि ज्याच्या हातात वही त्याच्या हातात किल्ली नाही. आजच्या लेखापरीक्षणाच्या पुस्तकात 'अंतर्गत नियंत्रण' म्हणून एक धडा असतो, त्यात यापेक्षा फार वेगळे काही सांगितलेले नाही. किल्ला एकट्या माणसाच्या फितुरीने जाऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. कोठार एकट्याच्या हातचलाखीने रिकामे होऊ नये, यासाठीही तीच लागते. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, चिटणीस ही आडनावे आपल्या वर्गांत आजही आहेत. त्या मुलांनी आपले पूर्वज काय सांभाळत होते ते घरी विचारावे.

तंजावरकरांनी हीच मोडीतली दप्तरी शिस्त कावेरीकाठी नेली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दरबाराचे मोडी कागद गठ्ठ्यांनी आहेत. पगार, खरेदी, अन्नछत्रे, सगळ्यांचा हिशेब. तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काही कागदांचे तमिळ भाषांतर छापले आहे. तिसऱ्या वर्षी काका मला तिथे घेऊन गेले. काचेआडची मोडी मला वाचता आली नाही याची लाज वाटली. मराठी लष्करी शाळेत सात वर्षे काढलेल्या मुलाला मराठी राज्याचा हिशेब वाचता येऊ नये!

तमिळमध्ये 'कणक्कु' हा एकच शब्द गणितालाही चालतो आणि हिशेबालाही. कुंभकोणममध्ये तर तो फारच शोभतो. श्रीनिवास रामानुजन तिथेच वाढले. १९०४ मध्ये ते तिथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणित सोडून बाकीच्या विषयांकडे त्यांनी पाहिलेच नाही, नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात महिना तीस रुपयांवर ते कारकून झाले. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणित जाणणारे होते. त्यांनी रामानुजनना जपले, आणि पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या हार्डींशी पत्रव्यवहार सुरू झाला. जगातला एक थोर गणिती हिशेबाच्या टेबलावर पगार घेत होता, हे मी वर्गात ऐकले तेव्हा मला स्वतःच्या नशिबाबद्दल थोडे कमी वाईट वाटू लागले. त्याच १९०४ साली कुंभकोणम बँक स्थापन झाली. तीच आजची सिटी युनियन बँक, आणि तिचे मुख्यालय अजूनही त्याच गावात आहे.

आता मूळ गोष्ट. दुकान चालतंय का, या काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला दुसऱ्या वर्षी द्यावे लागले.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात शेतीचे वर्ष मेट्टूर धरणावर ठरते. रिवाजाने १२ जूनला धरणाचे पाणी सुटते आणि कुरुवै भात लागते. २०१२ पासून २०१९ पर्यंत एकाही वर्षी ते १२ जूनला सुटले नाही. २०१६ मध्ये तर सप्टेंबरच्या २० तारखेला सुटले. मग ईशान्य मोसमी पाऊसही फसला, नोव्हेंबरात नोटाबंदी आली, आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळे जिल्हे दुष्काळग्रस्त जाहीर केले. काका खत उधारीवर देत आणि पैसे कापणीनंतर घेत. त्या भागात बहुतेक दुकाने अशीच चालतात. कापणीच झाली नाही.

३१ मार्च २०१७ चा ताळेबंद मी केला. तो मला अजून पाठ आहे. गोदामातला माल २ लाख १५ हजार, ऋणकोंकडून येणे ६ लाख ४० हजार, बँक आणि रोख मिळून २३ हजार, काटा-कपाटे ४२ हजार. एकूण ९ लाख २० हजार. दुसऱ्या बाजूला वितरकाचे देणे ४ लाख १० हजार, बँकेचे कर्ज दीड लाख, काकांचे भांडवल ३ लाख ६० हजार. तेही ९ लाख २० हजार. वर्षाचा नफा १ लाख ३५ हजार दिसत होता. आणि वितरकाचा माणूस दर सोमवारी दुकानात येऊन बसत होता.

नफा आहे आणि पैसा नाही, हे कसे? पदवीच्या तीन वर्षांत याहून मोलाचा प्रश्न मला भेटला नाही. लेखाकर्मात विक्री झाली की उत्पन्न धरतात, पैसे हातात येवोत किंवा न येवोत. पोती गेली त्या दिवशी नफा वहीत आला, रुपया मात्र शेतात अडकून पडला. म्हणूनच दुसरा नियम आहे, सावधगिरीचा. जे येणे येईल याची खात्री नाही, त्याची तरतूद आजच तोटा म्हणून दाखवायची. पुस्तकात त्याला बुडीत व संशयित कर्ज निधी म्हणतात.

मी आणि काका खतावणी घेऊन तीन रात्री बसलो. नाव वाचायचे आणि काका सांगणार, बोअर आहे की नाही, जमीन स्वतःची की खंडाची, घरात दुसरी कमाई आहे का. तिसऱ्या रात्री बेरीज केली. २ लाख ८० हजार संशयित. ती तरतूद घातली की १ लाख ३५ हजारांचा नफा १ लाख ४५ हजारांचा तोटा होतो आणि भांडवल उरते ८० हजार. मी तो कागद पुढे ठेवला. काकांनी वरचा मथळा बोटाने दाखवला. "संशयित? यातल्या चौघांनी माझ्या वडिलांना खांदा दिलाय."

मी म्हणालो, "काका, संशय माणसावर नाही. पैसा कधी येईल यावर आहे."

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलेच नाही. मला वाटले, शिकलेली अक्कल पाजळून मी घरातली शांतता घालवली. बसस्टॉपवर गेलो, कॉलेजला गेलो नाही, तसाच परत आलो. मावशी ओट्याशी होती. म्हणाली, "आकडा चुकलाय का?" मी नाही म्हणालो. "मग राहू दे कागद तिथेच."

संध्याकाळी काकांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि सोमवारी वितरकाच्या माणसापुढे उलगडला. न फोडलेली १ लाख ६० हजारांची पोती परत गेली. देणे अडीच लाखांवर आले आणि त्याचे हप्ते ठरले. उधारीला मर्यादा घातली. ज्यांची खाती थकली होती त्यांना बियाणे द्यायचे, खत रोखीने. पुढच्या दोन वर्षांत संशयितांपैकी पुष्कळ पैसे थोडे थोडे आले. ७० हजारांवर शेवटी रेघ मारावी लागली. दुकान आज आहे, पूर्वीपेक्षा लहान. तो ताळेबंद दोन महिने उशिरा केला असता तर ते राहिले असते असे मला वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमचा अप्रत्यक्ष करांचा अर्धा अभ्यास एका रात्रीत जुना झाला. प्राध्यापकही आमच्याबरोबरच शिकत होते. या क्षेत्राचे हे असे आहे. नियम बदलतात, म्हणून नियमामागचे कारण शिकावे लागते.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. बी.कॉम.नंतर वर्दीचा रस्ता बंद होतो का? नाही. एनडीएमध्ये बी.ए., बी.एस्सी., संगणकशास्त्रातली बी.एस्सी. आणि बी.टेक. या पदव्या मिळतात, बी.कॉम. तिथे नाही. पण सीडीएस परीक्षेत इंडियन मिलिटरी अकॅडमी आणि ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी कोणतीही पदवी चालते. हवाई दलात अकाउंट्स ही अधिकाऱ्यांची स्वतंत्र शाखा आहे आणि एएफकॅटमधून तिथे साठ टक्क्यांचा बी.कॉम. जाऊ शकतो. नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेत बी.कॉम.सोबत वित्त किंवा मालव्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका मागतात. वय आणि गुणांच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात, माझ्यावर विसंबू नये. सनदी लेखापाल व्हायचे असेल तर बारावीनंतर फाउंडेशनने सुरुवात करता येते, किंवा वाणिज्य पदवीत पंचावन्न टक्के मिळवून थेट इंटरमीजिएटला बसता येते. युपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून इंडियन डिफेन्स अकाउंट्स सर्व्हिस मिळते. तिला कोणतीही पदवी चालते, पण बी.कॉम.वाल्याला तिथले काम परके वाटत नाही.

मी यांपैकी कशातच नाही. पदवीनंतर स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा दिली आणि संरक्षण लेखा विभागात ऑडिटर झालो. लष्कराचा पगार, बिले, प्रवासभत्ते, ठेकेदारांची देणी हे सारे या विभागातून जाते. लष्करातल्या अधिकाऱ्यांचा पगार पुण्याच्याच एका कार्यालयातून होतो, हे इथल्या बऱ्याच अधिकारी पालकांना माहीत असेल. युनिटच्या कोठारांचे लेखे तपासायला लोकल ऑडिट ऑफिसर जातो, त्याच्याबरोबर मीही गेलो आहे. पहिल्यांदा एका युनिटच्या गेटवर संत्रीने सॅल्यूट केला. तो माझ्यासाठी नव्हता, शेजारच्या अधिकाऱ्यासाठी होता. तरीही मी नकळत सावधान झालो. आत गेल्यावर कोठारातल्या ब्लँकेटांचे लेजर उघडले. वहीत ४१२, मोजली तर ४११. तासाभराने ते एक धोब्याच्या पावतीवर सापडले. एमआय रूममधल्या कॅडेटसारखे.

(माझ्या डोळ्यांचे म्हणाल, तर संगणकावर उणे आकडे लाल रंगात येतात. मला तो लाल कळत नाही. मी उण्याचे चिन्ह पाहतो.)

ज्या कॅडेटने मान खाली घातली होती त्याला एक काम सांगतो. या सुट्टीत घरच्या एका महिन्याचा ताळेबंद कर. पैसा कुठून आला आणि आत्ता कुठे आहे, दोन रकाने. वडिलांना मदतीला घे. किराणावाल्याची उधारी विसरू नकोस, आणि कोणाला हातउसने दिलेले असतील तर तेही लिही. जुळले नाही तर कागद माझ्याकडे पाठव. जुळले तर जास्तच नीट तपासून पाहा, आणि मग पाठव.